शूर सरदारांचं स्त्रीदाक्षिण्य

गेल्या महिन्यात पुण्याचा एक कॉलेजमित्र ऑफिसच्या कामासाठी लंडनला आला होता. शनिवार-रविवार आमच्याकडे साउदॅम्प्टनला राहिला. पाहुण्याला दाखवायचं काय, हा आमच्या घरातला कायमचा प्रश्न. स्टोनहेंज बघून लोक "एवढंच?" म्हणतात, आणि इथला समुद्र कोकणात सुट्ट्या काढलेल्या माणसाला दाखवायची सोय नाही. तेव्हा सर्वानुमते विंचेस्टर ठरलं.

विंचेस्टरच्या जुन्या किल्ल्याचा ग्रेट हॉल आजही उभा आहे. आत गेलं की भिंतीवर उंच टांगलेलं एक प्रचंड लाकडी चक्र दिसतं. साडेपाच मीटर व्यास, वजन बाराशे किलोच्या आसपास, हिरवे-पांढरे पट्टे, कडेने २४ सरदारांची नावं आणि वरच्या बाजूला सिंहासनावर बसलेला राजा. हेच आर्थर राजाचं गोल टेबल, असं लोक शेकडो वर्षं मानत आले. लाकडाची तपासणी झाली तेव्हा ते तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं निघालं. म्हणजे आर्थर खरोखर होऊन गेला असलाच, तर त्याच्यानंतर सात-आठशे वर्षांनी कुणीतरी हौसेने करून घेतलेलं.

मित्राने फोटो काढले, नावं वाचली आणि सुस्कारा सोडला. "काय लोक होते रे हे! बाईमाणसासाठी जीव टाकायचे. आता बघ, आमच्या ऑफिसात कमिटी नेमलीय. कमिटी! शिव्हलरी मेली म्हणून कमिट्या आल्या."

मी तिथे काही बोललो नाही. पाहुणा होता, शिवाय पार्किंगची वेळ संपत आली होती. पण हेच वाक्य मी आमच्या लॅबच्या कॅन्टीनमध्ये गोऱ्या तोंडूनही बरेचदा ऐकलेलं आहे. तेव्हा आज एकदा सविस्तर भांडून घेतो.

माझं पोटापाण्याचं काम म्हणजे धातूचे भाग का तुटतात ते शोधणं. पीएचडीही त्यातलीच. या धंद्यात एक साधा नियम आहे. शंभरातला एक भाग तुटला तर तो भाग तपासायचा. शंभरही भाग एकाच जागी तुटत असतील तर भाग बाजूला ठेवायचे आणि ड्रॉइंग काढून बघायचं. आर्थरच्या सरदारांच्या गोष्टी वाचताना मला सारखं हेच आठवतं. ही मंडळी पुन्हा पुन्हा चुकतात, आणि पुन्हा पुन्हा त्याच जागी चुकतात. दोष ड्रॉइंगमध्ये आहे, असं माझं म्हणणं आहे.

आधी शब्द बघू. 'शिव्हलरी' आला फ्रेंच भाषेतल्या घोड्यावरून. शिव्हलरी म्हणजे मुळात घोडेस्वारी, घोडेस्वारांची जात आणि मग त्या जातीची रीत. आपला शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणि हत्यारं घेऊन चाकरीला येणारा, तसंच काहीसं. मराठीत मात्र आपण शिव्हलरीसाठी बहुतेक वेळा 'स्त्रीदाक्षिण्य' म्हणतो, आणि तिथेच फसतो. कारण मूळ मामला घोड्यावरच्या माणसांनी एकमेकांशी कसं वागायचं याचा आहे. पायी चालणारे त्यात आलेच तर ओघाने.

आता ग्रंथ. आर्थरच्या कथा अनेकांनी लिहिल्या, पण इंग्रजीत ज्याच्यावर पुढची सगळी इमारत उभी राहिली तो सर टॉमस मॅलरी. त्याने पुस्तक संपवलं १४६९-७० च्या सुमारास, विल्यम कॅक्सटनने ते छापलं १४८५ मध्ये. त्याची एक जुनी हस्तलिखित प्रत १९३४ मध्ये याच विंचेस्टरच्या शाळेत सापडली. मॅलरी तर विंचेस्टर म्हणजेच कॅमलॉट असं सांगतो. पुस्तक त्याने कैदेत लिहिलं. बहुतेक अभ्यासक ज्याला हा मॅलरी मानतात, त्या वॉरिकशरच्या सरदारावर १४५१ मध्ये ठेवलेल्या आरोपांची यादी बघा: दबा धरून खुनाचा प्रयत्न, खंडणी, गुरं पळवणं, मठावर दरोडा आणि बलात्कार. आरोप सिद्ध झाले नाहीत, आणि त्या काळच्या कायद्यात बाई पळवून नेण्यालाही तोच शब्द होता, हेही सांगायला हवं. पण शिव्हलरीचा महाग्रंथ लिहिणाऱ्याच्या नावावर असा कागद असावा, ही सुरुवातच काही कमी बोलकी नाही.

या ग्रंथात आर्थरच्या लग्नानंतर सगळे सरदार एक शपथ घेतात. अत्याचार करणार नाही, खून करणार नाही, शरण आलेल्याला अभय देईन, कुलीन स्त्रिया, कुमारिका आणि विधवा यांच्या मदतीला धावून जाईन, त्यांच्यावर कधी बळजबरी करणार नाही, अन्यायाच्या बाजूने लढणार नाही. दरवर्षी पेंटेकॉस्टच्या सणाला ही शपथ नव्याने घ्यायची. माझ्या मित्राला आवडते ती शिव्हलरी ती हीच. ऐकायला सुंदर आहे, मान्य.

पण ही शपथ घ्यायची पाळी का आली, ते लोक वाचत नाहीत.

लग्नाची पंगत बसलेली आहे. एक बाई घोड्यावरून दरबारात येते, तिच्यामागून एक सशस्त्र सरदार येतो आणि सगळ्यांच्या देखत तिला ओढून घेऊन जातो. ती आक्रोश करते. राजा काय करतो? राजाला हायसं वाटतं, कारण ती फार आरडाओरडा करत होती! हे मी पदरचं सांगत नाही, मॅलरीने लिहून ठेवलंय. मर्लिन जादूगार टोकतो, तेव्हा कुठे तिला सोडवायला पेलिनोर राजा निघतो. वाटेत एका झऱ्यापाशी एक मुलगी जखमी सरदाराला मांडीवर घेऊन बसलेली असते. ती पेलिनोरला मदतीसाठी हाका मारते. पण पेलिनोर मोहिमेच्या घाईत. थांबत नाही. तो सरदार मरतो, ती त्याच्याच तलवारीने जीव देते. पेलिनोर मोहीम फत्ते करून परत येतो तेव्हा जनावरांनी खाऊन तिचं फक्त डोकं उरलेलं असतं. पुढे मर्लिन सांगतो, ती तुझीच मुलगी होती.

एका बाईला वाचवायच्या नादात दुसरीला मरू दिलं, कारण पहिलीला वाचवायचा हुकूम राजाने भर दरबारात दिला होता, आणि दुसरीची हाक रानात कुणी ऐकणार नव्हतं. पहिलीत कीर्ती होती. दुसरीत फक्त एक बाई होती.

त्याच वेळी गवेन, राजाचा भाचा, दुसऱ्या मोहिमेवर. त्याची कुत्री एका सरदाराने मारली म्हणून तो भडकतो. तो सरदार हरतो, शरण येतो, अभय मागतो. गवेन देत नाही. तलवार उगारतो, तेवढ्यात त्या सरदाराची प्रिया धावत येऊन त्याच्यावर पडते आणि घाव तिच्या मानेवर बसतो. शिक्षा म्हणून ते डोकं गळ्यात बांधून गवेनला दरबारात यावं लागतं, आणि राणी त्याला जन्मभर स्त्रियांच्या बाजूने लढायला सांगते. हाच गवेन पुढच्याच भागात एका मित्राला 'तुझ्या प्रेयसीचं मन वळवून देतो' असं वचन देऊन जातो आणि स्वतःच तिच्या शय्येवर सापडतो.

तर शपथेचा जन्म हा असा. ती काय बिघडलंय ते ओळखते, हे तिचं श्रेय. पण दुरुस्ती कशी करते ते बघा.

पहिली गोष्ट, शपथेतल्या स्त्रिया कोण? त्याच लग्नाच्या दिवशी एक गुराखी आपल्या मुलाला, टॉरला, घेऊन दरबारात येतो. याला सरदार करा म्हणतो. मर्लिन सांगतो की हा गुराख्याचा मुलगाच नव्हे, याचा बाप पेलिनोर. आईला बोलावलं जातं. ती सांगते, लग्नाआधी मी गाईंचं दूध काढायला गेले होते, तिथे एक सरदार भेटला आणि त्याने अर्ध्या जबरदस्तीने मला भोगलं. जाताना माझा शिकारी कुत्राही प्रेमाची आठवण म्हणून घेऊन गेला. हे भर दरबारात सांगितलं जातं. पुढे काय होतं? काही नाही. राजाचं रक्त म्हणून टॉरचं कौतुक होतं, पेलिनोरला गोल टेबलावर मानाची जागा मिळते, आणि पुढच्या मोहिमेवर बाईला सोडवायला त्यालाच पाठवतात. दूध काढणारी बाई 'कुलीन स्त्रिया, कुमारिका आणि विधवा' या यादीत बसत नव्हती, एवढाच याचा अर्थ.

हा काही मॅलरीचा एकट्याचा विक्षिप्तपणा नाही. बाराव्या शतकात आंद्रेआस कापेलानुस याने दरबारी प्रेमाचं लॅटिन पाठ्यपुस्तक लिहिलं. कुलीन स्त्रीशी कसं अदबीने बोलावं यावर त्यात पानंच्या पानं आहेत. शेतकऱ्याच्या बाईवर मन गेलं तर? तिची थोडी स्तुती करावी आणि मग थोडी जबरदस्ती करायला कचरू नये, असा सल्ला. याच सुमारास क्रेत्यँ द त्र्वा या फ्रेंच कवीने लान्सलॉटची कथा लिहिली. त्यात आर्थरच्या राज्याचा रिवाज सांगितलाय: वाटेत एकटी मुलगी भेटली तर सरदाराने तिच्या अब्रूला धक्का लावू नये. पण तिच्याबरोबर दुसरा सरदार असेल आणि त्याला लढाईत हरवलं, तर तिचं काय वाटेल ते करावं, कलंक लागत नाही. म्हणजे सोबत घेतलेली बाई एकटीपेक्षा जास्त धोक्यात! रक्षण कसलं डोंबलाचं, हा ट्रॉफीचा नियम झाला.

दुसरी गोष्ट, शपथ मोडली की नाही हे ठरवायचं कुणी? तलवारीने. आरोप करणारा आणि नाकारणारा लढणार, जो जिंकेल तो खरा, देवच खऱ्याला जिंकवतो हे गृहीत. आता राणी ग्विनिव्हिअर आणि लान्सलॉट यांचं प्रेमप्रकरण जगजाहीर. खिडकीचे गज उपटून लान्सलॉट रात्री तिच्या खोलीत जातो, त्याच्या हाताला जखम होते, चादरीला रक्त लागतं. त्या वेळी तिच्या दालनात दहा जखमी सरदार झोपलेले असतात. मेलिअगँट नावाचा खलपुरुष आरोप करतो की या दहांपैकी कुणीतरी राणीपाशी होता. लान्सलॉट ताठ मानेने शपथेवर सांगतो की या दहांपैकी कुणीही नव्हता. अक्षरशः खरं! वकिलानेही टोपी काढावी असं उत्तर. मग लढाई होते. मेलिअगँट हरतो आणि अभय मागतो. आता शपथेप्रमाणे अभय द्यायला हवं. लान्सलॉट राणीकडे बघतो, राणी मान हलवते: मार. मग हा महापुरुष काय करतो? मेलिअगँटला म्हणतो, ऊठ, मी डाव्या अंगाचं चिलखत काढतो, डावा हात पाठीमागे बांधून घेतो, आता लढ. तो बिचारा भुलतो, उठतो आणि मरतो. शरणागताला मारलं असं कुणी म्हणायला नको, आणि साक्षीदारही उरायला नको. नियमाचा शब्द पाळून जीव घेणं यालाच म्हणतात.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते. जिच्यावर अन्याय झाला ती गोष्टीतून नाहीशी होते. चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'मध्ये बाथच्या बाईने सांगितलेली कथा आहे. आर्थरच्या दरबारातला एक सरदार नदीकाठी एका मुलीवर बलात्कार करतो. कायद्याने त्याला देहदंड होतो. चक्क कायदा काम करतोय! पण राणी आणि इतर स्त्रिया रदबदली करतात. राणी त्याला एक वर्षाची मुदत देते, स्त्रीला सगळ्यात जास्त काय हवं असतं ते शोधून आण म्हणून. तो उत्तर शोधतो (स्वतःची सत्ता), वाचतो, आणि शेवटी त्याला तरुण, सुंदर आणि एकनिष्ठ बायको मिळते. आणि नदीकाठची मुलगी? तिला काय हवं होतं, हे वर्षभरात कुणी विचारत नाही. गोष्टीत ती पुन्हा येत नाही.

तुम्ही म्हणाल, आदर्श आदर्शच असतो, माणसं चुकतात, म्हणून आदर्श फेकायचा का? एडमंड बर्कने १७९० मध्ये फ्रान्सच्या राणीची दशा बघून शिव्हलरीचं युग संपलं म्हणून असाच गळा काढला होता. आणि त्याच वर्षी मेरी वोल्स्टनक्राफ्टने त्याला खरमरीत उत्तर दिलं होतं. माझं उत्तर साधं आहे. दाक्षिण्य दाखवणाऱ्याच्या मर्जीवर असतं. कुणाला दाखवायचं, कधी, किती, हे तो ठरवणार. ते मोडलं तर त्याची किंमत म्हणजे त्याची अब्रू. मग चूक सुधारण्यापेक्षा लपवणं स्वस्त पडतं. समोरच्या बाईच्या हातात काय उरतं? वाट बघणं. हक्काचं तसं नसतं. हक्क मागता येतो, आणि दिला नाही तर दाद मागायला तिसरी जागा असते. माझ्या मित्राची ती कमिटी रुक्ष असेल, तिच्यावर कुणी काव्य लिहिणार नाही, पण ती तिसरी जागा आहे. मर्लिन दरबारात असेलच याची खात्री नसते.

या सगळ्यात मला एकच सरदार मनापासून भावतो, तोही अर्धाच. चौदाव्या शतकातल्या एका अनाम कवीच्या काव्यात हाच गवेन हिरव्या सरदाराच्या समोर जातो. जीव वाचवणारा एक हिरवा पट्टा त्याने लपवून ठेवलेला असतो. पकडला गेल्यावर तो आदमपासून सगळ्या पुरुषांना बायकांनीच कसं फसवलं याची यादी वाचतो (सवय!), पण चूक स्वतःची म्हणून कबूल करतो, आणि तो पट्टा लाज म्हणून जन्मभर अंगावर बाळगायचं ठरवतो. दरबार काय करतो? हसतो, आणि सगळे तसाच पट्टा भूषण म्हणून घालू लागतात. एकाच्या लाजेचा बाकीच्यांनी युनिफॉर्म केला.

आता मी एवढा का चिडलोय, तेही सांगून टाकतो.

राणीला जाळायची शिक्षा होते, तो प्रसंग. आर्थर गवेनला सांगतो, तिला चितेपर्यंत घेऊन जा. गवेन तोंडावर नकार देतो. राजा त्याला काहीही करत नाही. मग राजा त्याच्या धाकट्या भावांना, गॅरेथ आणि गहेरिसला सांगतो. त्यांनाही ही शिक्षा मान्य नसते. पण राजाला नाही कसं म्हणायचं? ते म्हणतात, येतो, पण चिलखत घालणार नाही, हत्यार धरणार नाही, म्हणजे आमची नापसंती सगळ्यांना कळेल. लान्सलॉट राणीला सोडवायला घुसतो आणि त्या गर्दीत त्याच्या हातून हे दोघे निःशस्त्र भाऊ मरतात. गॅरेथला सरदारकी लान्सलॉटनेच दिलेली असते. तिथून कॅमलॉटचा अंत सुरू होतो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा गॅरेथसाठी मला रडू आलं होतं. आता येत नाही. राणी चितेकडे चाललीय आणि हा आपल्या नापसंतीचा पोशाख करून बरोबर चाललाय!

बऱ्याच वर्षांपूर्वी, पीएचडी नंतरच्या पहिल्या नोकरीत, आमच्या ग्रुपमध्ये एक सहकारी होती. धातूच्या चाचणीचं एक यंत्र तिने दीड वर्ष खपून उभं केलं. त्यावरचा पेपर तयार झाला तेव्हा तिचं नाव लेखकांत नव्हतं, शेवटी आभारात होतं. आमचे प्रमुख म्हणजे सभ्यतेचा पुतळा. बाईमाणूस आलं की उठून उभे राहणार, दार धरणार, कोट घालायला मदत करणार. लेखकांची नावं कशी ठरतात याचा लेखी नियम असावा असं कुणी सुचवलं की म्हणायचे, आपण सगळे सभ्य माणसं आहोत, आपल्याला कशाला नियम. मीटिंगमध्ये तिने शांतपणे विचारलं, हे कशाच्या आधारावर ठरलं? कुणी बोललं नाही. मीही नाही. तिच्या वह्या मी पाहिल्या होत्या, आकडे कुणाचे ते मला माहीत होतं. पण माझं कॉन्ट्रॅक्ट तीन महिन्यांनी संपत होतं आणि व्हिसा त्याला बांधलेला होता. द्रौपदीच्या प्रश्नावर भीष्म गप्प का बसला, यावर मी शाळेत निबंध लिहून बक्षीस मिळवलेलं आहे.

मी काय केलं? पेपर स्वीकारला गेल्यावर सगळे पबमध्ये गेले, तिथे मी गेलो नाही. हा माझा निषेध. हे माझं काढून ठेवलेलं चिलखत. दुसऱ्या दिवशी कॉरिडॉरमध्ये तिला म्हणालो, झालं ते चुकीचं होतं. ती एवढंच म्हणाली, "हे काल तिथे बोलायला हवं होतंस." रागावली नाही. वर्षभरात तिने संशोधन सोडलं. माझं कॉन्ट्रॅक्ट वाढलं.

आज मी जिथे काम करतो तिथे प्रयोग सुरू होण्याआधी एक फॉर्म भरावा लागतो. कोण काय करणार, कुणाचं नाव कुठे येणार, तक्रार असेल तर ग्रुपबाहेर कुणाकडे जायचं. अत्यंत कंटाळवाणा कागद आहे. लबाडी त्यातूनही होते. पण निदान "कशाच्या आधारावर?" या प्रश्नाला उत्तर म्हणून टेबलावर काहीतरी ठेवता येतं. तो कागद त्या वेळी असता तर माझ्यासारख्या भित्र्या माणसाच्या शौर्यावर तिला अवलंबून राहावं लागलं नसतं. नियम भित्र्यांसाठीच असतात. शूर माणसं दरबारात नेहमीच कमी असतात, आणि असतात ती मोहिमेवर.

त्या गोल टेबलावर रंगवलेला राजा आर्थर म्हणून आहे खरा, पण चेहरा तरुणपणीच्या आठव्या हेन्रीचा आहे, असं जाणकार सांगतात. चित्र त्याच्याच कारकिर्दीत रंगवलं गेलं. याने दोन राण्यांचा शिरच्छेद करवला. त्यातल्या ॲन बोलिनसाठी १५३६ मध्ये कुऱ्हाडीऐवजी तलवार वापरायची म्हणून कॅलेहून खास कसबी माणूस बोलावला. यालाही दाक्षिण्यच म्हणत असावेत.

असो. मित्र पुण्याला परत गेला. फोटो पाठवलेत, छान आलेत. टेबलावरची २४ च्या २४ नावं स्पष्ट वाचता येतात. गुराख्याच्या बायकोचं नाव मॅलरीने दिलेलं नाही, गुराख्याचं दिलंय. गवेनने जिचं डोकं उडवलं तिला नाव नाही. चॉसरच्या नदीकाठच्या मुलीला नाही. माझ्या त्या सहकाऱ्याचं नावही मी इथे लिहीत नाही, कारण ते लिहायची जागा ही नव्हे. ती जागा त्या पेपरच्या पहिल्या पानावर होती.